पट्टी हलेपर्यंत

बस थांब्यावर न थांबता पुढे जाऊन थांबली. फार नाही, आठ-दहा पावलं. रांगेतली माणसं धावली, कुणीतरी ड्रायव्हरचा उद्धार केला, आणि मी सगळ्यांना पुढे घालून शेवटी दाराशी पोहोचलो. ही माझी जुनी खोड. माझी बहीण म्हणते, "दादा, तुला जन्माला यायलाही कुणीतरी मागून ढकललं असणार." त्या दिवशी उशीर झाला तो चष्म्यामुळे. सकाळपासून सापडत नव्हता. डोळे तपासणाऱ्याचाच चष्मा हरवला म्हटल्यावर तिनं काय काय ऐकवलं असेल ते सांगायला नको. शेवटी तो तिनंच काढून दिला, माझ्याच शर्टाच्या खिशातून. तोवर माझी साडेआठची बस गेली होती आणि ही सव्वानऊची मिळाली. माझ्यापुढे एक म्हातारी पायरी चाचपडत चढत होती. "सावकाश, आजी. घाई नाही," मी म्हणालो. एवढंच बोललो. तेवढ्यात ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला, "पट्टीवाले साहेब! आज आमच्या गाडीला?" मग त्यानं मान वळवली आणि तोंडभर हसला. पण हसला तो माझ्याकडे बघून नाही. माझ्या आणि म्हातारीच्या मध्ये जी रिकामी जागा होती तिच्याकडे बघून हसला.

मी बसच्या डेपोत ड्रायव्हरांचे डोळे तपासतो. पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. एका टोकाला खुर्ची, तिथून बरोबर वीस फुटांवर भिंतीला तक्ता. तक्त्यावर अक्षरं नाहीत, कारण सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही. एकच खूण आहे, तीन दातांच्या फणीसारखी. वरच्या ओळीत वीतभर, मग ओळीओळीनं लहान होत जाणारी. फणीचे दात कधी वर असतात, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मी लाकडी पट्टीनं एकेका फणीवर बोट ठेवल्यासारखं करायचं आणि समोरच्यानं दात कुठल्या बाजूला ते सांगायचं. माझ्याआधी इथं जो होता तो खेकसायचा. पहिली चूक झाली की लाल पेन उचलायचा. चांगले धडधाकट गडी त्याच्यासमोर घामाघूम व्हायचे आणि दिसत असलेलंही चुकीचं सांगायचे. मी आलो तेव्हाच मनाशी ठरवलं, हे आपल्या हातून व्हायचं नाही. घाबरलेल्या माणसाला दिसत नाही, हे मी स्वतः पाहिलं होतं. मी म्हणायचो, "सावकाश सांगा, घाई नाही." कुणी चुकला तर "चूक" हा शब्दच मी काढत नसे, पट्टी तशीच धरून ठेवायची, थोडं थांबायचं, त्याला पुन्हा बघू द्यायचं. सोळा वर्षांत मी एकदाही आवाज चढवला नाही. डेपोचे मोठे साहेब नव्या कारकुनांना माझा दाखला देतात. मला माझ्या मऊपणाचा अभिमान होता, हे कबूल केलेलं बरं. माणसं अंगावरच्या दागिन्यावरून नकळत हात फिरवतात, तसा मी त्यावरून दिवसातून एकदा तरी हात फिरवत असे.

"इथंच उभे राहा, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "आत कुठं गर्दीत जाता?" त्याला डेपोत सगळे घड्याळ म्हणतात, कारण त्याची गाडी कधी मिनिटभर मागेपुढे होत नाही. पन्नाशी उलटलेला, रुंद पाठीचा, बोलघेवडा माणूस. मी त्याच्या खुर्चीमागच्या दांड्याला धरून उभा राहिलो. "तुमच्यामुळे आहे मी या खुर्चीवर," तो म्हणाला, "नाहीतर दोन वर्षांपूर्वीच घरी बसलो असतो."

"छे हो. मी काय केलं?"

"वा! काय केलं म्हणे! पट्टी कुणी धरली?" तो खो-खो हसला. "आमच्यात नवा माणूस आला ना, की पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवतात. चुकीचं बोललास तर साहेबांची पट्टी तिथंच राहते. बरोबर बोललास की पुढे सरकते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चारच तर आहेत. पट्टी हलेपर्यंत बोलत राहायचं. साहेब देवमाणूस, कधी ओरडायचे नाहीत."

मी विचारलं, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही?" घड्याळ म्हणाला आणि त्यानं गिअर बदलला.

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मला बसमध्ये उभं असताना कळलं, आणि तिथं ती खरोखरच सरकत होती. सोळा वर्षं. डेपोत एका वेळी दीडशेच्या आसपास ड्रायव्हर. मी आठवू लागलो, शेवटच्या तीन ओळींत कोण किती वेळ थांबायचं. माणसं विचार करताहेत असं मला वाटायचं. ती माझा हात बघत होती. वीस फुटांवरून ज्याला फणीचे दात दिसत नाहीत त्यालाही हातभर लांब पट्टी हलताना दिसते. मग माझ्या नजरेसमोर चेहरे येऊ लागले: कपाळाला आठ्या घालणारे, मान तिरकी करणारे, "उजवीकडे… नाही नाही, डावीकडे," म्हणून लाजल्यासारखं हसणारे. त्यांना मी वर "शाब्बास" म्हणत असे. समोरून दुसरी बस आली, दोन्ही ड्रायव्हरांनी एकमेकांना हात केला. घड्याळनं हात केला तेव्हा ती बस निघून गेली होती. त्या दुसऱ्या गाडीत कोण होता? त्यालाही मीच पास केला होता. या शहरात जी जी लाल गाडी माणसांनी भरून वळत होती तिच्या काचेमागे माझी पट्टी होती.

आता मी घड्याळकडे नीट पाहू लागलो. तो रस्त्याकडे बघतच नव्हता म्हटलं तरी चालेल. नजर समोर होती, पण रिकाम्या खोलीत बसलेल्या माणसाची असते तशी. तो ऐकत होता. सिग्नलला पुढची गाडी घरघरली की हा निघायचा, तिचा ब्रेक कुरकुरला की हा ब्रेक दाबायचा. "एकोणीस वर्षं हाच रस्ता, साहेब," तो अभिमानानं सांगू लागला. "पूल चढला की तिसरा गिअर. मग मनात बारा मोजायचे. बाराला डावं वळण. तिथून सव्वीसला थांबा. आज जरा चुकलो तुमच्या थांब्याला, मध्येच शिंक आली." आपण म्हणावं, गाडी बाजूला घ्या. आत्ताच्या आत्ता. हे तीन शब्द माझ्या घशापर्यंत आले आणि तिथं सगळ्यांना पुढे घालून उभे राहिले. गाडीत साठ माणसं. सगळ्यांसमोर एका वयस्क माणसाला मी काय सांगू, की तुम्हाला दिसत नाही? त्याच्या मानेवर कुणीतरी काळजीनं बारीक कापलेले केस होते. घरच्या माणसानं कापलेले असावेत. ती मान मला लाल झालेली बघवली नसती.

तेवढ्यात समोर एक रंगारी खांद्यावर शिडी आडवी घेऊन रस्ता ओलांडायला निघाला. घड्याळचा पाय ब्रेकवर गेला नाही. तो मोजत होता, त्याचे ओठ हलत होते. माझ्या तोंडून अगदी हलक्या आवाजात, जणू हवापाण्याच्या गप्पा मारतोय अशा सुरात निघालं, "पुढे एक माणूस शिडी घेऊन चाललाय, बरं का." बस करकचून थांबली. मागे माणसं एकमेकांवर कोसळली. शिडीचं टोक काचेवरून वीतभर अंतरानं गेलं. "हो हो, बघितला की," घड्याळ म्हणाला. मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. तिथून पुढे मी बोलतच राहिलो. डावीकडे सायकल आहे. या बाई अजून फुटपाथवरच आहेत. आता मोकळं आहे. तो प्रत्येक वेळी "हो हो" म्हणायचा, आणि दोघंही असं दाखवत होतो की आम्ही रस्त्यावरची मजा बघतोय. डेपोची कमान येईपर्यंत मी त्याच्यासाठी पट्टी धरून होतो.

हे असं बोलणं मला नवं नव्हतं, हे मध्येच माझ्या ध्यानात आलं. आईचे डोळे जाऊ लागले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बाबांनी मला जवळ घेऊन सांगितलं, "तिला बोलायचं नाही. तिला वाईट वाटेल. आपण सांभाळून घ्यायचं." आम्ही सांभाळून घेतलं. तिच्या वाटेतला स्टूल मी आधीच बाजूला करायचो. वाटी ओट्यावर ठेवताना मुद्दाम आवाज करायचो, म्हणजे ती कुठं आहे ते तिला कळावं. ती सुईत दोरा ओवायला बसली की मी सहज आल्यासारखं करून म्हणायचो, आई, मला ओवू दे ना, मला आवडतं. बाबा वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. घरात कुणी कुणाला उणा शब्द बोलत नव्हतं. शेजारीपाजारी म्हणायचे, घर असावं तर असं. आई हसतमुख असायची. तिला वाटत होतं आपल्याला अजून बरंच दिसतं, कारण घरातली एकही वस्तू तिला आडवी येत नव्हती. मग एके दिवशी सकाळी तिनं उकळतं पाणी बादलीत ओतलं. बादलीशी माझी धाकटी बहीण वाकून बसली होती, सहा वर्षांची, आणि नेमकी त्या वेळी ती काही बोलत नव्हती. मी शेजारच्या खोलीत आंघोळीचे कपडे शोधत होतो. मी तिथं असतो तर सांगितलं असतं, हळूच, सहज म्हटल्यासारखं.

तिच्या उजव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत अजून चुरगळलेल्या कागदासारखी आहे. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. त्या दिवशी तिनं बाबांना एकच प्रश्न विचारला, "मला कुणी सांगितलं का नाही?" बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बहीण, चिऊ म्हणतो मी तिला, आता शाळेत शिवणकाम शिकवते आणि माझ्याकडेच राहते. तिची जीभ तिखट आहे, पण ती कुणाला अंधारात ठेवत नाही. एकदा शाळेतल्या बायकांसमोर कुणी माझ्या स्वभावाचं कौतुक केलं, तर ती हसत म्हणाली, "आमच्या घरात सगळेच फार चांगले हो. म्हणून तर माझा हात भाजला." बायका हसल्या. मीही हसलो. ते वाक्य मी बसमध्ये, दांड्याला धरून, पहिल्यांदा ऐकलं. ज्याला मी आजवर मऊपणा म्हणत आलो त्यात समोरच्याला दुखवायचं नाही हे किती होतं, आणि दुखावलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला बघावा लागू नये हे किती होतं? आणि त्याच क्षणी मला दुसरी गोष्ट आठवली. चिऊची शाळा दुपारची. ती दहा पन्नासची बस पकडते, पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर. म्हणजे हीच गाडी. डेपोतून दहा दहाला परत निघणारी. चिऊ नेहमी थांब्याच्या पुढे, फुटपाथवरून खाली रस्त्यावर उतरून उभी राहते, कारण तिला जागा पकडायची असते. मी तिला किती वेळा सांगितलं आहे. सांगितलं म्हणजे सुचवलं आहे. घरी फोन नव्हता.

डेपोत पोहोचलो तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. "उद्यापासून याच गाडीला येत जा, साहेब," घड्याळ खाली उतरता उतरता म्हणाला. "तुम्ही असलात की बरं वाटतं." तो हे थट्टेनं म्हणाला नाही. मी म्हणालो, "जरा वर येता? दहा मिनिटं." "चहा?" "नाही. तक्ता." त्याची तपासणी पुढच्या वर्षी होती. तो क्षणभर थांबला आणि मग हसला, मित्राच्या खोडीला हसावं तसा. "चला. तुम्ही बोलावल्यावर नाही म्हणायचं का?" जिना तो कठडा धरून चढला. दाराबाहेरच्या बाकावर राखीव ड्रायव्हर बसले होते. कुणी आजारी पडला तर त्याच्या जागी जाणारे. त्यांनी बसल्या बसल्या त्याला ओरडून सांगितलं, "पट्टी बघ रे, पट्टी!" आणि सगळे खिदळले. माझ्यासमोर. इतकी वर्षं ते माझ्यासमोरच खिदळत असणार, आणि मला वाटायचं, माझ्या दाराशी माणसं आनंदात असतात.

तो खुर्चीवर बसला. मी तक्त्याशी गेलो, पट्टी उचलली. वरची वीतभर फणी त्यानं बरोबर सांगितली. दुसरी ओळ अडखळत गेली. तिसऱ्या ओळीच्या पहिल्या फणीवर मी पट्टी टेकवली. फणीचे दात खाली होते. "वर," तो म्हणाला. मी हललो नाही. "डावीकडे." नाही. "उजवीकडे." तो निवांत होता, पाय लांब करून बसला होता. "मग खाली," तो म्हणाला. आता पट्टी पुढे न्यायला हवी होती. माझ्या मनगटात ती हालचाल आपोआप सुरू झाली, सोळा वर्षांची सवय, आणि मी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं. पट्टी तिथंच राहिली. घड्याळनं वाट पाहिली. मग पुन्हा सुरुवात केली. "वर?" पट्टी जागेवरच. "डावीकडे?" त्याचा आवाज अजून आनंदी होता. त्याचा माझ्यावर विश्वास होता. "उजवीकडे. खाली. वर." चार शब्द तो फिरवून फिरवून म्हणत राहिला, प्रत्येक फेरीला थोडा हळू, आणि हळूहळू त्यानं पाय जवळ ओढून घेतले, हात गुडघ्यांवर ठेवले, पाठ ताठ केली. मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं. मी बघितलं. "साहेब, पट्टी हलवा ना," तो म्हणाला. बाहेरचं खिदळणं थांबलं होतं.

"तुम्हाला दिसत नाही," मी म्हणालो. माझा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "तुम्हाला गाडी चालवता येणार नाही."

तो बराच वेळ तक्त्याच्या दिशेनं बघत राहिला. मला वाटलं शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "दोन वर्षं मी मोजत मोजत गाडी चालवतोय. रोज वाटायचं, कुणीतरी बोलेल. तुम्ही गेल्या वेळी शाब्बास म्हणालात. म्हटलं, साहेब म्हणतात तर असेल ठीक." मग तो उठला, आणि खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. "आता सांगता, साहेब?"

तो भिंतीला हात लावत खाली गेला, पण कुठं कठडा आहे ते मी त्याला सांगितलं नाही, आणि त्यानंही तशी अपेक्षा ठेवली नाही. मी खण उघडून लाल पेन काढलं. शाई वाळून दगड झाली होती. मग निळ्या पेनानं त्याच्या कार्डावर "अपात्र" असा शब्द लिहिला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि खालच्या टाइमकीपरला टेबलावरच्या फोनवरून कळवलं की दहा दहाची गाडी घड्याळ नेणार नाही. "बरं," तो म्हणाला. मी खुर्चीवर बसलो, त्याच खुर्चीवर, पट्टी पुन्हा उचलून मांड्यांवर आडवी धरून. एक जीव दुखावला, पण चिऊ वाचली, असं काहीतरी मी स्वतःला समजावत होतो. समजावण्यात मी चांगला आहे. तेवढ्यात खालून हाक ऐकू आली, "ए गवई! घड्याळच्या गाडीवर जा!" आणि बाकावरून कुणीतरी गुणगुणत उठलं.

गवई. गाडी चालवताना गात असतो म्हणून. मी त्याला याच फेब्रुवारीत तपासला होता. दुसऱ्या ओळीपासूनच तो गाणं म्हटल्यासारखा चारही दिशा एका दमात म्हणायचा, आणि मला ते गमतीचं वाटलं होतं. त्याला मी "शाब्बास" म्हटलं होतं, वर पाठीवर हातही ठेवला होता. हे ध्यानात येईपर्यंत तो जिना उतरून गेला होता. मी खिडकीशी धावलो. खाली आवारात तो गाडीकडे चालला होता, हातानं गाडीची कड चाचपत. मी हात हलवला. तो मान वर करून सरळ माझ्याकडे बघत होता. मी दोन्ही हात हलवले. तो बघत होता, आणि त्याला काहीच दिसत नव्हतं. मग तो आत चढला आणि इंजिन सुरू झालं.

मी ओरडलो. "थांब! गाडी काढू नकोस! थांब!" तो आवाज कुठून आला कोण जाणे, खरखरीत, फाटका, मलाही परका. आवारातल्या सगळ्या माना वर झाल्या. गवईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आवाजाचा वेध घेतला. "कोण केकाटतंय रे वर?" तो हसत म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला. त्यानं मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? ही सगळी माणसं मला आवाजावरूनच ओळखायची, आणि हा आवाज मी त्यांना कधी ऐकवलाच नव्हता. आणि नेहमीच्या आवाजात मी हाक मारली असती तर इंजिनाच्या घरघरीत ती त्याच्यापर्यंत पोहोचली नसती.

जिना मी कसा उतरलो ते आठवत नाही. पायऱ्यांवर दोन माणसांना मी खांद्यानं बाजूला लोटलं, एकाला चांगलंच लागलं असावं. टाइमकीपर काहीतरी बोलला. भिंतीशी घड्याळ बसला होता, गुडघ्यांत मान घालून. त्यानं माझी पावलं ऐकून मान वर केली. बस कमानीकडे निघाली होती. मी आवार आडवं कापून तिच्या पुढे गेलो आणि कमानीच्या मधोमध उभा राहिलो, तोंड तिच्याकडे करून. तेव्हा लक्षात आलं की पट्टी अजून हातातच आहे. मी दोन्ही हात पसरले. बस माझ्यापासून वीस फुटांवर होती. ते अंतर मला कुणी मोजून द्यायला नको. काचेमागे गवईचे ओठ गाण्याच्या तालावर हलत होते. कुणी बाई किंचाळली. घड्याळ मागून घसा फोडून ओरडत होता, "साहेब, सरका! त्याला दिसत नाही!"

मला माहीत होतं. मी जागचा हललो नाही.